सिरक्यातली लसूण

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. सासूबाईंना नाही, मुलीला नाही. देवापुढे बसले आणि मन इथवर आलं, की मी घाईघाईने पुढचं स्तोत्र म्हणायला घेते. मग तुम्हालाच का? तुम्ही आमच्या घरी कधी जेवला नाहीत, म्हणून असेल. माझ्या हातचं जेवून ज्यांनी बोटं चाटली, त्यांना हे सांगणं मला जमायचं नाही.

गोष्ट लसणीची आहे. हसू आलं ना? येऊ द्या. दोन पाकळ्या लसूण, त्यात एवढं काय — असं मीही पुष्कळ वर्षं स्वतःला समजावलं.

आमचं बिऱ्हाड ठाण्याला, मासुंदा तळ्याजवळ. आमचे हे मुंबईच्या एका कापसाच्या पेढीवर कारकून होते. कापसाच्या गाठी घेऊन बोटी थेट जपानला जायला लागल्या, तेव्हा पेढीने यांना कोबे बंदरावर पाठवलं. तीन वर्षं तिकडे राहिले आणि परत आले ते ताप घेऊनच. ताप उतरला, पण जीभ बिघडली. वरण कडू लागे, दुधाला धुराचा वास येई. नसलेल्याच चवी लागत. वैद्यबुवा म्हणाले, जीभ ताळ्यावर आली की दुखणं गेलं समजा. तशी ती येतही होती. एक दिवस आमटीत कोकम कमी पडल्याचं यांनी बरोबर ओळखलं आणि सासूबाईंनी देवापुढे साखर ठेवली.

तेवढ्यात पेढीचा निरोप आला. पुढच्या बोटीने पुन्हा कोबेला जाणार का?

हे मला म्हणाले, "अगं, तिकडे एक भात मिळतो. सुशी म्हणतात. ती एकदा घरी कर. तिची चव मला पाठ आहे. तशीच्या तशी लागली तर मी बरा झालो, मग जातो. नाही लागली, तर असलं दुखणं घेऊन परमुलखात जायचं नाही."

कशी करायची तेही सांगितलं. नव्या तांदळाचा चिकट भात, त्याला सिरका, मीठ, साखर. बांगडा आधी मिठात, मग सिरक्यात मुरवायचा, चुलीवर चढवायचाच नाही. लाकडी पेटीत भात दाबून वर मासा बसवायचा आणि वड्या पाडायच्या. सांगताना हातांनी पेटी करून दाखवत होते. "आणि लसूण अजिबात नको हं. तुझा हात आधी लसणीकडे जातो." असं म्हणून हसले.

ते हसणं — त्याचाच मला राग आला. त्या देशाचा नव्हे. बंदरावरचं ते दुकान, तिथला म्हातारा, त्याची ती लांबलचक सुरी, हे सांगताना यांचा चेहरा कसा उजळायचा! माझ्या कुठल्या पदार्थाबद्दल हे असं बोलले होते? मी आठवून पाहिलं. एकही आठवला नाही. आणि आता पुन्हा तीन वर्षं? कदाचित कायमचंच? मुलगी आत्ता कुठे त्यांच्या मांडीवर बसायला लागली होती.

चेंदणीच्या कोळणीकडून बांगडे घेतले. कशाला हवेत ते सांगितलं, तर ती कपाळाला हात लावून म्हणाली, "कच्चा खानार? येड लागलंय का गो बाय तुज्या घोवाला?" मी हसले. मनात मात्र माझं ठरलेलं होतं.

मी लसणीच्या दोन पाकळ्या ठेचल्या. सिरक्यात घातल्या आणि झाकून ठेवल्या. मग तो सिरका पातळ फडक्यातून गाळला — दोनदा गाळला, एक कण दिसायला नको म्हणून. बघा ना, चुकून झालं असं म्हणायला मी स्वतःला जागाच ठेवली नाही. तोच सिरका भाताला लावला, त्यातच बांगडा मुरवला. सासूबाई कल्याणला वन्संकडे गेल्या होत्या. तो दिवसही मीच धरला होता.

यांनी वडी तोंडात घातली. डोळे मिटले. किती आशेने मिटले होते! मग चावणं थांबलं.

"लसूण घातलीस?"

"नाही हो."

"लागतेय गं. चांगलीच लागतेय. वासही येतोय."

त्यांनी दुसरी वडी घेतली, अर्धी खाल्ली आणि उरलेली माझ्यापुढे धरली. "तू बघ खाऊन."

मी खाल्ली. लसूण नाकात गेली. त्यांच्याकडे बघत मी ती सावकाश चावली, गिळली आणि म्हटलं, "मला तर नाही लागत."

पहिल्या घासाला ओळखली होती त्यांनी! गाळलेल्या सिरक्यातली लसूण! जीभ अगदी खणखणीत बरी झाली होती त्यांची. हे जगात एकट्या मला माहीत होतं, आणि मीच त्यांना सांगितलं की तुमची जीभ गेली.

ते रागावले नाहीत. ताट नीट बाजूला सारलं. दुसऱ्या दिवशी पेढीला नकार कळवला आणि पुढे ठाण्यातच एका वकिलाकडे लिहिण्याचं काम धरलं.

मला हवं ते मिळालं. माणूस घरात राहिला. पण त्यानंतर त्यांनी कुठलाही पदार्थ मागितला नाही. कोबेचं नाव काढलं नाही. जेवताना खारट लागलं, आंबट लागलं, तर आधी माझ्याकडे बघायचे — खरंच तसं आहे का, हे माझ्या तोंडावरून कळावं म्हणून. घरात विटलेलं दूध त्यांनी एकदा मुकाट्याने पिऊन टाकलं. पाहुण्यांना हसत सांगत, "मला विचारू नका, माझ्या जिभेचा काही भरवसा नाही." पाहुणेही हसत. मी वाढत असे.

शेवटच्या दुखण्यात एका दुपारी त्यांनी मला जवळ बसवलं. म्हणाले, "तू त्या दिवशी खरं बोललीस, ते बरं केलंस. एखादीने मला बरं वाटावं म्हणून खोटं सांगितलं असतं, आणि मी निघून गेलो असतो."

तेव्हा ते शुद्धीवर होते. कान चांगले होते. घरात आम्ही दोघंच होतो. मी त्यांच्या अंगावरचं पांघरूण सारखं केलं आणि म्हटलं, "पडा आता जरा." ते पडले.