आवाज कमी करणारी डबी

माझी बायको, सुनंदा, डोळे मिटून, सुरू असलेलं गाणं ऐकत एका लाकडी डबीवरचं गोल बटण फिरवत होती. गेल्या वर्षीच्या आजारपणापासून तिला मोठा आवाज सोसत नाही. आमच्या ॲम्प्लिफायरचं बटण जरासं हललं तरी गाणं एकदम अंगावर यायचं, त्यामुळे तिनं ऐकणंच सोडलं होतं. शेवटी ॲम्प्लिफायरला जोडायच्या अशा डब्या हातानं बनवणाऱ्या एका कारागिराकडे आम्ही आलो.

“वहिनी, हिला वीज लागत नाही,” तो म्हणाला. “ही आवाज वाढवत नाही. फक्त कमी करते.”

पहिल्या डबीचं बटण टिकटिक करत टप्प्याटप्प्यानं फिरायचं. ती डबी सुनंदानं बाजूला सारली. ह्या दुसरीचं लोण्यासारखं फिरत होतं. मला वाटलं, आपण आयुष्यभर सगळ्यात भरच घालत आलो. काय आणि किती कमी करावं, हे कुणी शिकवलंच नाही. उन्हं कलली की रंग मावळत जातात आणि डोंगराची कड दिसू लागते, तसं काहीसं त्या खोलीत होत होतं.

“अहो,” ती हळूच म्हणाली, “सूर लावायच्या आधी गाणारी बाई श्वास घेतेय. ऐकलंत?”

मी ऐकला नव्हता. पण वर्षभरानं तिच्या चेहऱ्यावर गाणं दिसत होतं.

तीच डबी आम्ही घरी आणली. संध्याकाळी सुनंदानं तिला हवा तेवढाच आवाज ठेवला. माझ्या खुर्चीपर्यंत तो पोचेना. मी खुर्ची उचलली आणि तिच्या शेजारी नेऊन ठेवली.