फिरता दवाखाना: भाड्यानं, भागीत की विकत

सासूबाईंना अर्धांगाचा झटका आला त्या वर्षी मी नोकरी सोडली. मुलगी शिकायला पुण्याला होती, नवरा ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एका रंगाच्या कारखान्यात स्टोअर सांभाळायचा, आणि कोपरखैरण्याच्या तळमजल्यावरच्या दोन खोल्यांत दिवसभर आम्ही दोघीच. त्यांची उजवी बाजू गेली होती. बोलणं परत आलं होतं, पण जड, एकेक शब्द ओढून आणल्यासारखं. त्यांना उठवून बसवणं, कमोडच्या खुर्चीवर नेणं, पुसणं, भरवणं हे सगळं मी नीट करत होते. त्यात काही उणं नव्हतं. पण माझे पाय घरात ठरत नव्हते.

कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंत मी आवारात फेऱ्या मारायचे. कपाट या भिंतीचं त्या भिंतीला न्यायचे आणि आठवड्यानं परत जागेवर आणायचे. "तुला झालंय तरी काय?" हे विचारायचे. कुठंतरी जायचं होतं, एवढंच कळत होतं.

एकदा प्रयत्न केलाही होता. नणंदेच्या घरी वास्तुशांत होती म्हणून टॅक्सी ठरवून तिघं निघालो. पनवेलच्या अलीकडं आईंना (सासूबाईंना आम्ही आईच म्हणायचो) थांबवेना. रस्त्यालगत आडोसा नाही, खुर्ची नाही. व्हायचं ते सीटवरच झालं. ड्रायव्हर वाटेल ते बोलला. आम्ही तिथूनच मागं फिरलो. घरी आल्यावर आई भिंतीकडं तोंड करून झोपल्या, आणि त्यानंतर घराबाहेर जाण्याचा विषय त्यांनी कधी काढू दिला नाही. ज्या बाईनं सगळी नोकरी तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात नर्स म्हणून काढली, जी रात्री-अपरात्री बैलगाडीतून बाळंतपणाला गेली, ती आता कुणी भेटायला आलं की डोळे मिटून घ्यायची.

फ्लॅटचा ताबा मिळायच्या आधी आम्ही शेजारच्या बोनकोडे गावात भाड्यानं राहिलो होतो. त्या घरमालकांशी जाणंयेणं टिकलं होतं. त्यांची भातशेती नव्या शहराखाली गेली तेव्हा त्यांनी ट्रेलर घेतले होते आणि न्हावा शेव्याहून कंटेनर ओढायचं काम धरलं होतं. सगळे त्यांना शेठ म्हणायचे, आम्हीही. संक्रांतीला मी त्यांच्या आईला तिळगूळ द्यायला गेले, तर अंगणाच्या कडेला एक उंच पांढरी गाडी उभी. बाजूला लाल अक्षरांत 'फिरता दवाखाना'. रंग उडाला होता, पण वाचता येत होतं. कुठल्याशा कंपनीनं ती लिलावात काढली होती, ती शेठनी घेतली होती.

"इंजिन झ्याक हाय," शेठ म्हणाले. "वरचा डबा काढून टाकनार, टेम्पो करनार."

मी आत चढले. दोन्ही बाजूंना गादीचे बाक, मधे पुरेशी जागा. हात धुवायचं भांडं, वर पाण्याची टाकी, एक पंखा, आणि मागच्या कोपऱ्यात पडदा लावलेली कोठडी. त्या कोठडीत आमची कमोडची खुर्ची बसेल का, ते मी वितीनं मोजलं. बसत होती. मग मी बाकावर टेकले आणि मला उठावंसंच वाटेना.

"शेठ, ही मोडू नका."

"का वो वयनी, दवाखाना टाकाचाय काय?"

"नाही. हिच्यात राहायचंय. फिरायचंय."

ते हसले. पण डबा काढायचं थांबवलं.

घरी मी हे सांगितलं तेव्हा हे जेवत होते. घास तसाच हातात धरून म्हणाले, "दवाखान्याची गाडी विकत घ्यायची? आपण?" त्यांचं म्हणणं सरळ होतं. वर्षातून दोनदा लागणारी वस्तू भाड्यानं आणावी. मला मात्र भाड्याची कल्पनाच सोसत नव्हती. गाडी आपली असावी, दारात असावी, मनात आलं की निघता यावं. परत द्यायच्या तारखेकडं बघत हिंडणं म्हणजे दावं लांबवून चरायला सोडण्यासारखं, असं मी त्यांना ऐकवलं.

आमची बोलणी भिंतीपलीकडं जायची. वरच्या मजल्यावरचे शेजारी बंदरात क्लिअरिंग एजंट होते, ते एका रविवारी स्वतःहून खाली आले. "भागीत घेऊ या ना," ते म्हणाले. "अर्धी तुमची, अर्धी आमची. नो टेन्शन. बाक काढून टाकू, खुर्च्या बसवू. पार्ट्यांना पिकनिकला नेता येईल."

"बाक काढले तर आई झोपतील कुठं?" मी विचारलं.

"त्याचं बघू की. फोल्डिंगचं काहीतरी करू."

त्यातच सोसायटीचे सेक्रेटरी येऊन सांगून गेले की असली गाडी आवारात उभी राहिली तर लोकांना वाटेल कुणीतरी गेलंय, अपशकुन नको. पंधरवडाभर आमच्या घरात हाच विषय होता. आणि हे सगळं आईंच्या खाटेजवळ बसून, त्यांच्या अंगावरून, जणू त्या तिथं नाहीतच. त्यांचे डोळे मिटलेले असायचे.

शेवटी शेठनीच तोड काढली. "आदी एक फेरी मारून बगा. मी चालवीन. माजी आय पन येल, तिला कुठं जावाला भेटतं?" भाड्यानं, चार दिवस. ह्यांचं म्हणणं खरं झालं म्हणून मी मनातून खट्टू होते, पण निघायचं ठरल्यावर मला दुसरं काही सुचेना.

आईंना राजी करणं सोपं नव्हतं. मी त्यांना अंगणात नेऊन गाडी दाखवली. कोठडीतली खुर्ची दाखवली, पडदा ओढून दाखवला. त्यांनी डाव्या हातानं बाकाची गादी दाबून पाहिली, मग वरच्या हुकाकडं बोट केलं. "सलाईनचा," म्हणाल्या. एवढंच बोलल्या, पण नाही म्हणाल्या नाहीत.

माघ संपत आला होता. पनवेल मागं पडलं तेव्हा मी आईंकडं पाहिलं. त्या खिडकीबाहेर बघत होत्या. पेणच्या पुढं त्यांना खुर्ची लागली. शेठनी गाडी बाजूला घेतली, पडदा ओढला, सगळं नीट झालं, आम्ही पुढं निघालो. शेठच्या आई समोरच्या बाकावर मांडी घालून बसल्या होत्या. म्हणाल्या, "हे बरं हाय गो. आमाला बोरीबाबलीची आड शोदावी लागं." आणि आई हसल्या. अर्ध्या चेहऱ्यानं, पण आवाज करून. कितीतरी दिवसांनी तो आवाज ऐकला.

कोलाडच्या पुढं आत वळून नदीकाठी एका आंब्याखाली गाडी लावली. मोहोर आला होता. आम्ही तिथं राहिलो, स्टोव्हवर भात टाकला, मागचं दार उघडून आईंना उशांना टेकवून पाण्याकडं तोंड करून बसवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या मला म्हणाल्या, "जा. फिरून ये. मी आहे इथं."

"एकट्या?"

"एकटी कुठं. हे सगळे आहेत. जा गं."

हे तिथंच वर्तमानपत्र वाचत होते, त्यांनीही मान हलवली. मी निघाले. नदीच्या कडेनं, मग बांधांवरून, मग एका पायवाटेनं टेकडीकडं. आधी भराभर चालत होते, कुणी हाक मारून परत बोलावेल म्हणून. मग कुणी बोलावणार नाही हे लक्षात आलं, तरी वेग कमी होईना. टेकडीवर पोचले तर पुढं दुसरी टेकडी. मी तिच्याकडंही निघाले. छाती भरून आली होती, तहान लागली होती, आणि तरी वळावंसं वाटत नव्हतं. थकून एका दगडावर बसले तेव्हा खालची पांढरी गाडी पार बारीक दिसत होती. तिच्याभोवती माणसं होती. खूप माणसं.

मी धावत उतरले. वाटेत काय काय मनात आलं ते लिहवत नाही. पोचले तर गाडीच्या मागच्या दाराशी रांग होती. बाजूची लाल अक्षरं वाचून वाडीतले लोक दवाखाना आला म्हणून आले होते, लेकरं काखोटीला मारून. ह्यांनी नाही नाही म्हणून सांगितलं, तर कुणी ऐकेना. आणि दारात उशांना टेकून आई बसल्या होत्या. डाव्या हातानं एका म्हाताऱ्याची नाडी धरून. त्यांचं जड बोलणं शेठच्या आई मोठ्यानं परत सांगत होत्या: "औशद नाय आमच्याकडं. पानी उकळून पी म्हनतात. पोराला मीठ-साखरंचं पानी दे, घोट घोट."

मला पाहून आई म्हणाल्या, "कुठं होतीस? इकडं ये. हिला वर घे."

'ही' म्हणजे रांगेच्या शेवटी, सावलीत बसलेली एक गरोदर पोर. पावलं सुजलेली, तोंडही फुगलेलं. डोकं ठणकतंय आणि डोळ्यांपुढं चमकतंय, असं तिची आई सांगत होती. ऊन बाधलं असेल म्हणून घरात निजवली होती. मी तिला वर घेतलं. आईंनी तिच्या नडगीवर अंगठा दाबला आणि उचलला. खळगा तसाच राहिला.

"दवाखान्यात न्या," आई म्हणाल्या. "आत्ता. झटके येतील हिला."

"दिवस भरायला अजून अवकाश हाय," तिची आई म्हणाली.

"म्हणून तर," आई ओरडल्या. तो आवाज इतका खणखणीत आला की आम्ही सगळेच चमकलो. "शेठ, गाडी काढा."

आपला बाक त्यांनी त्या पोरीला दिला. आईंना आम्ही उचलून पुढं, शेठच्या शेजारच्या सीटवर बसवलं आणि माझ्या बदलायच्या साडीनं सीटला बांधलं. स्टोव्ह, पातेली, चटया सगळं आंब्याखाली राहिलं. ह्यांना तिथं राखणीला ठेवलं. मी मागं त्या पोरीचं डोकं मांडीवर घेऊन बसले. दोनदा तिला उलटी झाली. ती माझं मनगट सोडत नव्हती. पुढून आई दर थोड्या वेळानं विचारायच्या, "शुद्धीवर आहे? बोलतेय?" आणि मी "हो, बोलतेय," म्हणायचे. रोह्याला पोचलो. डॉक्टरांनी रक्तदाब पाहिला आणि पुढचं काही विचारलं नाही, लगेच आत घेतली. थोड्या वेळानं बाहेर येऊन म्हणाले, "कुणी ओळखलं?" मी गाडीकडं बोट दाखवलं. ते स्वतः गाडीपाशी आले, साडीनं बांधलेल्या आईंशी बोलले. आई त्यांना रक्तदाब किती होता ते विचारत होत्या.

दुसऱ्या दिवशी चौकशीला गेलो. मुलगी झाली होती, लहानखुरी, पण रडणारी. ती पोरही सावरत होती.

परत आल्यावर गंमत झाली. आता हेच गाडी विकत घ्या म्हणू लागले. कागदावर चित्रं काढायचे: आईंचा बाक इथं, औषधांचं कपाट तिथं. वरचे शेजारी अजून भागीचं विचारत होते. मी म्हणाले, "थांबा. आईंना विचारू या." आम्ही पहिल्यांदा खाटेसमोर बसलो आणि त्यांच्याकडं बघून विचारलं.

"विकत नको," म्हणाल्या. "दारात उभी राहील. ही रोज तिच्याकडं बघेल." 'ही' म्हणजे मी. "आणि खुर्च्यावाल्याशी भागी नको."

"मग भाड्यानंच?" हे म्हणाले.

"शेठना विचारा."

शेठ म्हणाले, "भागी माज्याशी करा. गाडी माज्या अंगनात ऱ्हाईल, डागडुजी अर्धी अर्धी. तुमच्या आय बसल्या का माजी आय पन बसल. दोगी बसल्या का गाडी निगल." असं ते ठरलं. कागद काही केला नाही.

तीन हिवाळे आम्ही फिरलो. लाल अक्षरं पुसावीत असं सोसायटीचं म्हणणं होतं. आईंनी पुसू दिली नाहीत. रक्तदाब मोजायचं यंत्र आलं. हवा भरणं मी शिकले, कानाला नळी लावून ऐकायच्या मात्र आईच. शेवटी इंजिननं मान टाकली आणि शेठच्या ट्रेलरनं गाडी ओढून बोनकोड्याला आणली. ती पुन्हा निघाली नाही. पण तोवर दुपारचं आईंना तिकडं न्यायची सवय झाली होती. रिक्षातून नेऊन सोडायचं, शेठच्या पडवीत खाटेवर त्या बसायच्या, गावातल्या बायका येऊन काय काय विचारायच्या. संध्याकाळी हे कामावरून येताना त्यांना घेऊन यायचे.

म्हणजे दुपार माझी झाली. पहिल्या दिवशी मी त्यांना पडवीत बसवलं, खुर्ची लावून दिली, आणि रस्त्यावर येऊन उभी राहिले. घरी जायला पाय वळेना. समोर आली ती बस घेतली, पनवेलला उतरले, चौकशी करून दुसरी घेतली आणि करंजाड्याच्या बाजूला, जिथं तेव्हा नुसती शेतं होती, तिथं उतरून चालायला लागले. कुणी तरी विचारलं, "कुनाकडं आलात बाई?"

"कुणाकडं नाही," मी म्हणाले, आणि पुढं गेले.