शेजारी बसायला एक माणूस

कोर्टातल्या वकील मंडळींनी तिचं नाव 'मलमपट्टीबाई' ठेवलं होतं आणि ते तिला चांगलं ठाऊक होतं. ती कॅन्टीनमध्ये शिरली की कोणीतरी हमखास विचारायचं, "काय बाई, आज किती जणांना रडवून घरी पाठवलंत?"

"रडून मोकळी झालेली माणसं घरी तरी जातात हो. तुमची अजून तारखा घेत फिरताहेत," ती म्हणायची, आणि विचारणारा मुकाट्याने चहाच्या कपात तोंड घालायचा. बोलण्यात तिच्या नादी लागण्यात अर्थ नव्हता.

पण कामाची तिची तऱ्हा खरोखरच जगावेगळी होती. ऑफिस दुसऱ्या मजल्यावर, खाली चष्म्यांचं दुकान, जिना इतका अरुंद की लठ्ठ पक्षकार वर पोचेपर्यंत निम्मा राग उतरलेला असायचा. आत आल्यावर लोक आधी टेबल शोधायचे. टेबल होतं, पण तिने ते भिंतीला सरकवून त्यावर फायली रचल्या होत्या. बसायला साध्या लाकडी खुर्च्या गोलात मांडलेल्या. त्यातल्या एकीचा पाय आखूड होता. ती स्वतः त्याच खुर्चीवर बसायची, म्हणजे ऐकताना डुलकी लागत नाही म्हणे. घरावरून भांडण असेल तर नोटीस लिहिण्याआधी ती ते घर पाहून यायची. कोणाची चप्पल कुठे काढलेली असते, कोणाचा टॉवेल अजून खुंटीला आहे, असल्या गोष्टी पाहायची. मग दोन्हीकडच्यांना एकत्र बोलवायची.

आणि त्या दिवसासाठी तिचा एक नियम होता. येताना प्रत्येकाने आपलं एक माणूस सोबत आणायचं. ते हुशार नको, कायदा कळणारं नको, मध्ये तोंड घालणारं तर मुळीच नको. त्याने फक्त शेजारी बसायचं. "बरोबर कोण नि चूक कोण, हे त्याने ठरवायचं नाही," ती बजावायची. "त्या कामासाठी जगात पुष्कळ जण टपून बसलेत." लोक कोणाकोणाला घेऊन यायचे! मुलांवर दावा लावायला निघालेल्या एका आजोबांनी आपला न्हावी आणला होता. तो सबंध वेळ आजोबांच्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून बसला, आणि आजोबा कधी नव्हे ते शांतपणे बोलले.

हा नियम तिला कुठून सुचला, हे मात्र तिने कोणाला सांगितलं नव्हतं.

तो ताईमुळे सुचला होता. आठ-नऊ वर्षांपूर्वी तिच्या थोरल्या बहिणीचं नि भावजींचं फाटलं. ताई तिच्याकडे आली आणि म्हणाली, "आता तूच काय ते बघ." हिच्या डोक्यात तेव्हा न भांडता न्याय हे खूळ नुकतंच शिरलं होतं. आईच्या घरी बाहेरच्या खोलीत तिने दोघांना बसवलं. ताईच्या सोबतीला आई, मामा, मामी आणि ही स्वतः. भावजी एकटेच आले. शर्टाचं एक बटण तुटलेलं, खुर्चीच्या अगदी कडेला बसलेले. तिला वाटलं, ह्या माणसाला आपण कोंडीत पकडलंय, असं कोणी खरं बोलायचं नाही. म्हणून ती ताईच्या शेजारून उठली, आपली खुर्ची उचलली, भावजींच्या शेजारी नेऊन ठेवली आणि तिथे बसली.

झालं ते एवढंच. भावजी मोकळेपणाने बोलले, बरंच काही कबूलही केलं, आणि कोर्टाची पायरी न चढता दोघं वेगळे झाले. मामा म्हणाले, पोरीने कमाल केली. ती निघाली तेव्हा ताई दारात आली आणि म्हणाली, "वकील मला कुठेही मिळाली असती गं." त्यानंतर ताई तिच्याशी बोलली नाही.

ताई आईकडेच राहायला लागली. धाकटीने माफी मागून पाहिली, मामांना मध्ये घालून पाहिलं, सगळे उपाय थकले. ती आईकडे गेली की ताईला नेमकं बाहेरचं काम निघायचं. मग उरला तो फोन. रोज संध्याकाळी ती आईला फोन करायची. आईला वाटायचं, लेकीचा आपल्यावर भारी जीव. तो होताच, पण फोनच्या मागे ताई वावरत असायची. तिने कपाट लावल्याचा आवाज, तिचं घसा खाकरणं, नशीब जोरावर असेल तर "आई, गोळी घेतलीस का?" असं एखादं सबंध वाक्य. तेवढ्यासाठी ती आईला गुडघ्याचं विचारायची, मग गुडघ्याच्या तेलाचं, मग शेजारच्या काकूंच्या गुडघ्याचं. आई बिचारी खुलून सांगत राहायची, आणि ही कानात प्राण आणून मागचं ऐकत राहायची. तिला ताई हवी होती. लहानपणी आपल्याला रस्त्यापलीकडे नेताना मनगट करकचून धरणारी ताई हवी होती. दुनियेचे संसार सांधणाऱ्या ह्या बाईला आपल्या घरातलं एक दार उघडता येत नव्हतं.

अशात तिच्याकडे एक शिवणकाम करणाऱ्या बाई आल्या. आईवडिलांचं दोन खोल्यांचं घर, त्यात ह्या राहत होत्या, खिडकीपाशी ह्यांचं मशीन. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे, आई गेल्यावर धाकट्या भावाने वाटणीची भाषा सुरू केली आणि म्हणून ह्यांनी घाबरून कुलूप बदललं. भाऊ शाळेची बस चालवायचा. वकील करायची त्याची तयारी नव्हती, पण एकदा येऊन बसायला तो कबूल झाला.

ठरल्या दिवशी शिवणवाल्या बाई आधी आल्या. "नियमाप्रमाणे माणूस आणलंय हं," त्या दारातूनच म्हणाल्या. "माझ्या नेहमीच्या गिऱ्हाईक, आता मैत्रीणच म्हणा."

त्यांच्या मागून ताई आत आली.

केस बरेच पांढरे झाले होते. जिन्याने धाप लागली होती. तिने धाकटीकडे पाहिलं, न पाहिल्यासारखं केलं आणि शिवणवाल्या बाईंच्या शेजारी जाऊन बसली. तोंडाची एवढी खमकी बाई, पण तिला साधं "या" म्हणायचंही सुधरेना.

थोड्या वेळाने भाऊ आला. एकटाच.

"तुमच्यासोबत कोणी?" तिने विचारलं.

"कोणाला आणू?" तो म्हणाला. "माझं माणूस म्हणजे आमची आईच होती."

तो खुर्चीच्या कडेला बसला. समोर दोघीजणी, इकडे तो एकटा. काय करायला हवं ते तिला दिसत होतं. उठायचं, खुर्ची उचलायची, त्याच्या शेजारी जाऊन बसायचं. पण ती बसूनच राहिली. पुन्हा ताईच्या डोळ्यांदेखत तेच? पुन्हा कधी असं उठायची वेळ येऊ नये म्हणूनच तर तिने तो नियम केला होता.

"असं करू या," ती कशीबशी म्हणाली, "पुढच्या आठवड्यात बसू. तोवर तुम्ही कोणीतरी..."

"पुढच्या आठवड्यात कुठून पैदा करू?" भाऊ ताडकन उठला. "राहू दे बाई. काय ते आता कोर्टातच होऊ दे." तो दारापर्यंत पोचलासुद्धा. शिवणवाल्या बाई अर्धवट उठल्या.

"बारके, ऊठ," कोणीतरी म्हणालं. "बस त्याच्या शेजारी."

बारके म्हणणारी ह्या जगात एकच व्यक्ती होती. वकीलबाईंनी वर पाहिलं नाही, पाहवलंच नसतं. तिने ती आखूड पायाची खुर्ची उचलली, भावाच्या खुर्चीला लावून ठेवली आणि बसली. भाऊ दारात घुटमळला, मग परत येऊन बसला.

तो बोलला ते वाटणीचं नव्हतंच. "आई गेल्यावर मी घरी गेलो होतो. चावी लागेना. मला वाटलं मजला चुकला. खाली जाऊन पुन्हा वर आलो. शेजारचे बघत होते. आपल्याच दारात चोरासारखा उभा होतो मी, अक्का."

"तू विकून टाकशील वाटलं रे," शिवणवाल्या बाई रडायलाच लागल्या. "मशीन घेऊन मी कुठे जाऊ?"

"मी कधी म्हणालो विकू?"

"वाटणी म्हणालास."

"ते तू कुलूप बदलल्यावर. मग दुसरं काय म्हणू?"

पुढचं काम फार अवघड नव्हतं. घर विकायचं नाही, मशीन खिडकीशीच राहील, आणि एक चावी भावाकडे. करारनामा ती चार दिवसांत करून देणार होती. पण भावाला चावी आजच हवी होती, लगेच, आणि ती स्वतःच्या हाताने लावून बघायची होती. म्हणून दोघं तशीच घरी जायला निघाली.

निघताना शिवणवाल्या बाई म्हणाल्या, "मी तर दुसरीकडे जाणार होते हो. ह्यांनीच तुमच्याकडे पाठवलं. म्हणाल्या, ती वेळेला उठून समोरच्याजवळ जाऊन बसेल, पण तुमचं वाईट होऊ देणार नाही." मग त्या ताईकडे वळल्या. "चला, येताय ना?"

"तुम्ही व्हा पुढे," ताई म्हणाली.

जिन्यावरची पावलं विरली. खोलीत दोघीच उरल्या.

"त्या दिवशी मला वाटलं," धाकटी म्हणाली, "तुझ्याजवळ आई आहे, मामा-मामी आहेत..."

"ते आपणहून आले होते," ताई म्हणाली. "मी फक्त तुला आणलं होतं."

ताईने पदराने चष्मा पुसला, पिशवी खांद्याला लावली आणि जिना उतरू लागली. अर्ध्यात पोचल्यावर ती थांबली.

"बस यायला उशीर लागेल," ती वर न बघता म्हणाली. "एकटीला उभं राहायचा कंटाळा येतो."

वकीलबाई दाराला कुलूपही न लावता खाली धावली. दोघी स्टॉपवर शेजारी शेजारी उभ्या राहिल्या. बोलायचं वर्षानुवर्षांचं साठलं होतं, पण धाकटीने विचारलं ते आईच्या गुडघ्याचं, आणि ताई सविस्तर सांगू लागली. तिचा आवाज आता मागून येत नव्हता.

बस आली, थांबली, दार उघडलं. ड्रायव्हरने दोघींकडे पाहिलं. ताई शेजारच्या काकूंच्या गुडघ्यापर्यंत पोचली होती, तिने हातानेच त्याला जा म्हणून सांगितलं.