हाक न ऐकू येणारे पाहुणे

डहाणू स्टेशनकडून समुद्राकडे जाणाऱ्या रस्त्यावर माझ्या नणंदेचं आठ खोल्यांचं लॉज आहे. यजमान गेल्यावर त्यांनी ते विकावं आणि भावाकडे, म्हणजे आमच्याकडे, राहायला यावं असं घरात सगळ्यांचं मत होतं. ताईंनी ते शांतपणे ऐकून घेतलं आणि दुसऱ्याच दिवशी लॉजची पुढची भिंत रंगवायला माणूस लावला. तेव्हापासून मी दुपारची त्यांच्या मदतीला जाऊ लागले. स्वयंपाकघर माझ्याकडे, बाकी सगळं त्यांच्याकडे. औषध कंपन्यांचे फिरते विक्रेते, महालक्ष्मीच्या दर्शनाला आलेली कुटुंबं, शनिवार-रविवारी मुंबईहून येणारी मंडळी, असं आमचं गिऱ्हाईक. चैत्रातली जत्रा सोडली तर आठही खोल्या एकदम भरल्याचं मला फारसं आठवत नाही.

२०१७ च्या पावसाळ्यानंतर एका दुपारी साठीच्या पुढचे एक गृहस्थ आणि त्यांची तरुण मुलगी लॉजवर आली. गृहस्थ मूळचे सरावलीचे, नोकरी मुंबईला छापखान्यात झालेली. त्यांना जन्मापासून ऐकू येत नव्हतं. मुलीला येत होतं. कर्णबधिर मुलामुलींचा वधू-वर मेळावा हिवाळ्यात डहाणूत भरवायचं त्यांच्या मंडळाने ठरवलं होतं. महाराष्ट्रातून आणि गुजरातमधून माणसं येणार, दोन दिवस राहणार. लग्नाचा हॉल मिळाला होता, खोल्या मात्र मिळत नव्हत्या. एवढ्या माणसांशी बोलायचं कसं आणि काही झालं तर जबाबदारी कोणाची, म्हणून लॉजवाले नाही म्हणत होते.

ताई मुलीकडे बघून विचारू लागल्या, माणसं किती, जेवणाचं काय. मुलीने त्यांना मधेच थांबवलं.

"माझ्याशी नका बोलू," ती म्हणाली. "बाबांकडे बघून बोला. मी फक्त पोचवते."

ताईंनी खुर्ची फिरवली आणि सगळे प्रश्न पहिल्यापासून त्या गृहस्थांना विचारले. त्यांचे हात भराभर चालले, मुलगी सांगत गेली. ते उठले तेव्हा आठही खोल्या त्यांच्या नावावर झाल्या होत्या आणि उरलेल्या खोल्या मिळवून द्यायचं ताईंनी अंगावर घेतलं होतं. त्या दिवसापासून आम्ही त्यांना काका म्हणू लागलो.

पुढचे काही दिवस ताई रोज सकाळी पदर खोचून बाहेर पडायच्या. डहाणूतले तीन लॉजवाले त्यांच्या शब्दाखातर तयार झाले. तरी खोल्या कमी पडत होत्या, म्हणून आम्ही दोघी एसटीने तलासरीला गेलो. तिथे हायवेवर एक मोठं हॉटेल होतं. त्याचे मालक गुजराती घरचे, बोलायला मोकळे. त्यांनी चहा पाजला, सगळं ऐकून घेतलं आणि हात जोडले.

"बेन, माणसं चांगलीच असतील. पण आतून कडी लावून झोपली, आणि आग लागली, कोणी आजारी पडलं, तर मी हाक कोणाला मारू?"

उत्तर सापडलं की परत येते, असं ताईंनी सरळ सांगितलं. परतीच्या एसटीत त्या डोळे मिटून बसल्या. मला वाटलं, नकार मनाला लागला. पण लॉजवर आल्या आल्या त्यांनी मला तीन नंबरच्या खोलीकडे नेलं. आपण आत कडी लावून पडतो, आवाज आला तरी हलणार नाही, तू मला उठव, असं सांगून त्यांनी दार लावून घेतलं.

मी दार वाजवलं, कडी हलवली, शेवटी दोन लाथा मारल्या. शेजारच्या खोलीतला विक्रेता दाढीचा साबण तसाच तोंडावर घेऊन बाहेर आला आणि माझ्याकडे बघत राहिला. आतून काही हालचाल नाही. मग मी मागच्या बाजूने खिडकीशी गेले, स्वयंपाकघरातला स्टीलचा डबा उन्हात धरला आणि त्याची तिरीप त्यांच्या डोळ्यांवर पाडली. ताई उठून बसल्या. त्या इतक्या खूश झालेल्या मी फार दिवसांनी पाहत होते.

दुसऱ्या दिवशी वायरमनला बोलावलं. खोलीतल्या दिव्याचं एक बटण दाराबाहेर काढता येईल का, एवढंच ताईंनी त्याला विचारलं. बाहेरून बटण वरखाली केलं की आत दिवा उघडझाप करणार. काकांना दाखवायला बोलावलं तेव्हा त्यांनी मान हलवली, पण लगेच बाजेकडे बोट दाखवलं. तोंड भिंतीकडे करून झोपलेल्याला तो दिवा कसा दिसेल? मग सगळ्या बाजा फिरवल्या. आरसे दारासमोर आणले, म्हणजे पाठमोऱ्या माणसालाही कोण आलं ते दिसेल. जेवणाच्या टेबलांवर मी हौसेने प्लास्टिकच्या फुलांच्या कुंड्या ठेवल्या होत्या. काकांनी त्यातली एक उचलून बाजूला ठेवली आणि समोरच्या खुर्चीत बसून दोन्ही हात हलवून दाखवले. मधे कुंडी असली तर बोलता येत नाही, हे मला तेव्हा कळलं. पाण्याचे जगही टेबलाच्या कडेला गेले.

ताई पुन्हा तलासरीला गेल्या तेव्हा वायरमनला सोबत घेऊन गेल्या. हॉटेलच्या मालकांनी एका खोलीत ते बटण बसवून घेतलं, स्वतः आत डोळे मिटून पडले आणि बाहेर आल्यावर बाकीच्या खोल्यांचंही काम सांगून टाकलं.

मेळाव्याआधीच्या दोन रविवारी आमच्या गच्चीवर काकांनी आणि त्यांच्या मुलीने खुणांची शिकवणी घेतली. लॉजची माणसं, वाढपी, स्टेशनवरचे रिक्षावाले, सगळे सतरंजीवर बसले होते. पाणी, जेवण, दुखतंय, थांबा, गाडी किती वाजता, एवढंच शिकायचं होतं. सुरुवातीला सगळे लाजत होते. आमच्याकडे चादरी धुणाऱ्या दोघी बायका सायवनच्या. घरी त्यांची बोली वेगळी, बाजारात मराठी, चिकूच्या वाडीत मालकाशी गुजराती. आणखी एक भाषा शिकायला त्यांना काही वाटलं नाही. दुसऱ्या रविवारी त्या दोघी काकांशी कशावरून तरी हसत होत्या आणि काय ते मला कळत नव्हतं.

मेळाव्याच्या सकाळी गाड्या येऊ लागल्या तशी स्टेशनवर गर्दी वाढत गेली. प्रत्येक मुलामागे आई-वडील येणार हे धरलं होतं. मामा, काकू, मोठ्या बहिणी आणि त्यांची पोरं धरली नव्हती. दुपारपर्यंत सगळ्या खोल्या भरल्या, तरी माणसं स्टेशनच्या बाकांवर बसून होती. ताईंनी कोणाला दोष दिला नाही. स्वतःच्या खोलीतलं कपाट तेवढं बंद केलं आणि ती खोली अकोल्याच्या एका कुटुंबाला दिली. आमच्या घरी दोन कुटुंबं गेली. तलासरीच्या मालकांना फोन केला, तर ते स्वतःच टेम्पो घेऊन आले आणि उरलेल्या माणसांना त्यात बसवून घेऊन गेले.

संध्याकाळी जेवण हॉलमागच्या चिकूच्या वाडीत, मांडवात होतं. ऐकू न येणाऱ्या माणसांचं जेवण शांत असेल अशी माझी समजूत होती. तसं काही नव्हतं. हसणं, टाळ्या, लक्ष वेधायला टेबलावर मारलेल्या थापा, भांड्यांचा खणखणाट, असा मोठा कल्लोळ चालला होता. मी वाढत होते. हिरव्या साडीतली एक मुलगी आणि चष्म्याचा एक मुलगा समोरासमोर बसले होते. दोघांचं ताट तसंच, हात मात्र क्षणभर थांबत नव्हते. मुलीची आई शेजारी बसून मुद्दाम दुसरीकडे बघत होती.

तेवढ्यात वीज गेली.

मी आयुष्यभर वीज जाताना पाहिली आहे. अंधार झाला की माणसं बोलतच राहतात, उलट जरा मोठ्याने बोलतात. इथे सगळं एकदम थांबलं. मांडवभर माणसं होती आणि कोणालाच शेजाऱ्याला काही सांगता येत नव्हतं. एक लहान मूल रडू लागलं. कोणाचा तरी हात माझ्या हाताला लागला आणि त्याने माझं मनगट घट्ट धरलं. बाईचा हात होता, एवढंच कळलं. दूर दोन-चार मोबाइल उजळले, पण मोबाइल धरला की बोलायला एकच हात उरत होता. हॉलवाले जनरेटरची दोरी ओढत होते, तो काही सुरू होईना.

ताई मांडवाबाहेर धावल्या. टेम्पो पुढे घ्या, दिवे लावा, एवढंच त्यांनी तलासरीच्या मालकांना ओरडून सांगितलेलं मी ऐकलं. पाहुण्यांना न्यायला आलेला टेम्पो वळला आणि त्याचे दोन्ही दिवे मांडवात शिरले. मग रिक्षावाल्यांनी आपल्या रिक्षा ओळीने आणून लावल्या. ज्यांच्याकडे मोटारसायकल होती त्यांनी ती उभी केली. उजेड खालून, आडवा येत होता. मांडवाच्या पांढऱ्या कापडावर आणि मागच्या चिकूच्या झाडांवर शेकडो हातांच्या सावल्या हलू लागल्या. बोलणं पुन्हा सुरू झालं. माझं मनगट धरलेल्या बाईने मला उजेडात पाहिलं आणि गच्चीवर मला शिकवलेली एक खूण केली. तिला पाणी हवं होतं.

हिरव्या साडीतल्या मुलीने खुर्ची थोडी सरकवली, म्हणजे तिच्या हातांवर उजेड पडेल, आणि ती तिचं अर्धं राहिलेलं बोलणं पुढे सांगू लागली. जेवणं तशीच झाली. वीज आली तेव्हा ताटं उचलत आणली होती. ताई त्या वेळी रिक्षावाल्यांना पंगतीला बसवत होत्या. काका त्यांच्यासमोर येऊन उभे राहिले, काही सांगायला हात उचलले आणि तसेच खाली घेतले. मुलगी शेजारीच होती, पण तिलाही पोचवण्यासारखं काही मिळालं नाही. ताईंनी त्यांच्या हातात एक ताट दिलं आणि बसायला सांगितलं.

त्या मेळाव्यात काही लग्नं जुळली. हिरव्या साडीतल्या मुलीचं तिथे जुळलं नाही. वर्षभराने काकांच्या मुलीकडून कळलं की तिने तो मुलगा नाकारला, आणि ती आता पुण्याला नोकरी करते. चष्म्याच्या मुलाचं दुसरीकडे झालं. तो बायकोला घेऊन आमच्याकडे दोन दिवस राहून गेला.

पुढचा मोठा मेळावा २०१९ मध्ये सातारा जिल्ह्यातल्या एका छोट्या गावी ठरला. तिथले लॉजवाले असेच अडून बसले होते. तुम्ही येऊन त्यांच्याशी बोला, असं काकांनी ताईंना कळवलं. ताई चार माणसांसमोर कधी उभ्या राहिलेल्या नव्हत्या. मला बरोबर घेऊन त्या गेल्या आणि गाडीत सगळा वेळ खिडकीबाहेर बघत बसल्या.

एका लॉजच्या खालच्या खानावळीत आठ-दहा मालक जमले होते. ताईंनी बटणाचं सांगितलं, बाजांचं सांगितलं, टेबलांचं सांगितलं. अंधारात टेम्पोचे दिवे लावल्याचं सांगितलंच नाही. मी खुणेने आठवण करून दिली, तर त्यांनी हाताने मला गप्प बसवलं. त्या लॉजच्याच मालकांनी विचारलं, हे सगळं करू, पण त्यांना आमचं गाव आवडेल कशावरून?

"त्यांना ऐकू येत नाही," ताई म्हणाल्या, "पण दिसतं सगळं. आधी तुमच्या खोल्या दाखवा बघू."

आणि त्या उठून जिन्याकडे निघाल्या. वर पहिल्याच खोलीत त्यांनी पंख्यावरून बोट फिरवलं आणि ते मालकांपुढे धरलं. मालकांनी जिन्यावरून खाली वाकून कोणाला तरी ओलं फडकं आणायला सांगितलं, तोवर ताई पुढच्या खोलीत शिरल्या होत्या.