उसन्या गोळ्या

ती घटना आजही आठवली की माझं डोकं तापतं. नोकरीत चोर पाहिले, गुंड पाहिले, पण त्या दिवशी दोन सुशिक्षित घरांवर जितका चिडलो तितका त्यांच्यावर कधी चिडलो नाही.

तेव्हा मी कोथरूड भागात वरिष्ठ पोलीस निरीक्षक होतो. दुपारी एका रुग्णालयातून ठाण्यात खबर आली. बारावीतली एक मुलगी क्लासमध्ये सराव परीक्षा देताना कोसळली होती. छाती धडधडत होती, रक्तदाब चढला होता आणि कंपासपेटीत सुट्या गोळ्या सापडल्या होत्या. डॉक्टरांनी त्या ओळखल्या. ज्या मुलांचं लक्ष आजारामुळे एका जागी टिकत नाही, त्यांना देतात ते उत्तेजक औषध. या मुलीला तो आजार नव्हता आणि तिच्या नावाची चिठ्ठीही नव्हती.

संध्याकाळी तिचे वडील ठाण्यात आले ते संशयित ठरवूनच. "आमच्या सोसायटीत दहावीतला एक मुलगा या गोळ्या घेतो. तोच विकतो पोरांना. आपण त्याला उचला." त्यांची पत्नी शेजारी बसून मान डोलावत होती.

मुलगा अल्पवयीन. त्याला ठाण्यात आणणं मला मान्य नव्हतं. साध्या कपड्यांत, महिला अंमलदाराला बरोबर घेऊन मी त्याच्या घरी गेलो. बातमी आधीच पसरली होती. जिन्यात उभे असलेले एक गृहस्थ म्हणाले, "पहिल्यापासूनच वांड होता तो."

"मग पहिल्यापासून तक्रार का नाही केलीत?" मी विचारलं. त्यांना एकदम काहीतरी काम आठवलं.

मुलाचा पाय सारखा हलत होता, पण उत्तरं सरळ होती.

"गोळी कधी घेतोस?"

"शाळेच्या दिवशी, नाश्ता झाल्यावर. आई हातावर देते आणि गिळेपर्यंत समोर उभी राहते."

"आणि सुट्टीला?"

"सुट्टीला नाही. डॉक्टरांनी सांगितलंय. ते दर वेळी वजन करतात, बीपी बघतात, भूक लागते का, झोप येते का विचारतात."

"गोळ्या असतात कुठे?"

"कपाटात. चावी आईकडे."

ज्याच्या हाताला पाकीटच लागत नाही, तो विकणार काय? मी आईकडे वळलो. "ताई, सुट्टीच्या दिवसांच्या गोळ्या उरत असतील. त्या दाखवा."

बाई जागच्या हलल्या नाहीत. मग रडायलाच लागल्या. "वरच्या मजल्यावरच्या वहिनी मागायला आल्या होत्या, साहेब. लेकीच्या परीक्षेपुरत्या द्या म्हणाल्या. विरजण नेतात, साखर नेतात, नाही कसं म्हणायचं? मग पुन्हा पुन्हा यायला लागल्या."

"आणि पोरावर आळ आला तेव्हा?"

"घाबरले."

मुलगा आईकडे बघतच राहिला. त्याला यातलं काहीच ठाऊक नव्हतं.

या वहिनी म्हणजे ठाण्यात मान डोलावणारी तीच माउली! आधी त्यांनी कानावर हात ठेवले. दोघींना समोरासमोर बसवल्यावर म्हणाल्या, "अहो, त्याचे मार्क वाढले ना! डॉक्टरांनीच दिलेलं औषध, त्यात वाईट काय असणार? हिचा अभ्यास व्हावा म्हणून कॉफीबरोबर द्यायचे, क्लासला जाताना कंपासपेटीतही ठेवायचे." मुलीला आधी काही त्रास होता का, विचारलं. लहानपणापासून मधूनच छाती धडधडायची आणि काकांना हृदयविकार होता. डॉक्टर पहिली गोळी लिहिण्याआधी नेमकं हेच विचारतात. स्वतःच्या लेकीचा जीव या बाईंनी टांगणीला लावला आणि आपली चूक झाकायला दुसऱ्याचं पोर पुढे केलं.

"साहेब, आपसात मिटवू या. मुलीच्या करिअरचा प्रश्न आहे," नवरा म्हणाला.

"त्या मुलालाही करिअर आहे," मी म्हटलं आणि दोन्ही आयांचे जबाब नोंदवले. पुढची कारवाई कायद्याप्रमाणे झाली. मुलगी सुदैवाने बरी झाली.

मला वाटलं, विषय संपला. काही आठवड्यांनी मुलाची आई त्याला घेऊन ठाण्यात आली. त्याने गोळी बंद केली होती. पार्किंगमधली पोरं त्याला 'गर्दुल्ला' म्हणत होती आणि अभ्यासाचं पार वाटोळं झालं होतं. त्याने खालच्या आवाजात विचारलं, "सर, मी गोळी घेतली तर मला पकडणार का?"

त्या इमारतीत औषधाचा प्रत्येक नियम पाळणारा हा एकटाच होता, आणि पोलिसाला भ्यायची पाळी त्याच्यावर आली होती. औषधाने त्याचं भलंच केलं होतं. तेच औषध न तपासता दुसरीच्या पोटात गेलं, तेव्हा जिवावर बेतलं. हे कळायला डॉक्टर असावं लागत नाही. मी त्याला सांगितलं, "तुला कोणीही पकडणार नाही. आधी डॉक्टरांना भेट आणि ते सांगतील तशी घे."

त्या रविवारी सोसायटीची सभा होती. मी गणवेशात गेलो आणि मुलीच्या वडिलांना उभं राहायला सांगितलं. ते मान खाली घालून पुटपुटले, "त्या मुलाचा काही दोष नव्हता."

मी म्हटलं, "मोठ्याने बोला. तो मागे बसलाय."