मराठी चौथीच्या पुढची पहिली

मी मराठी चौथी पास झाले, मला सांगलीला मावशीकडे ठेवून इंग्रजी शाळेत घालायचं ठरलं आणि तिथंच घोळ झाला. गावची शाळा साताऱ्याच्या स्कूल बोर्डाची, सांगलीची शाळा संस्थानातली. बोर्डाची चौथी संपली की इंग्रजीची पुन्हा पहिली. एका खात्यानं दुसऱ्याला कधी काही विचारल्याचं दिसत नव्हतं.

आमचे वडील, आबा, नुकतेच लढाईवरून हवालदार होऊन पेन्शनीवर आले होते. भांडायला त्यांना कुणीतरी हवंच होतं. हेडमास्तरांनी माझा दाखला बघून "पहिलीत घेतो" म्हटलं मात्र, आबा ताडकन उठले.

"चार यत्ता चढल्याली पोरगी पयलीत? गुन्हा काय केला तिनं? पलटणीतबी चौकशीबिगर दंडावरची फीत उतरवत न्हाईत!"

"अहो हवालदार, ही इंग्रजी पहिली."

"इंग्रजाची असू दे न्हाई तर राजाची, पयली ती पयलीच. पाचवीत घ्या."

"आमच्याकडे अशी पाचवी नाही हो!"

"मग आमचीबी पोरगी न्हाई," म्हणून आबांनी दाखला उचलला. गावी परत जायचं म्हणजे उसात खुरपं आणि दोन-तीन वर्षांत लगीन, हे मला पक्कं ठाऊक होतं. शिकायचं तर मला लय होतं. आबांपुढं तोंड उघडायची आमच्या घरात पद्धत नव्हती, तरी मी उघडलं.

"आबा, तुमी भरती झाला तवा कितवी पास हुता?"

"चौथी. का?"

"मग पयल्याच दिवशी हवालदार केलं व्हय तुमास्नी?"

हेडमास्तरांना एकदम खोकला आला. आबांनी दाखला परत टेबलावर ठेवला. मग खुर्चीवर बसून पुटपुटले, "रंगरूट केलं," आणि सहीसाठी टाक मागितला.

दिवाळीच्या सुट्टीत मी गावी गेले, तर अख्खं गाव मला पाचवीतली म्हणून ओळखत होतं. दोन खात्यांना जे जमलं नव्हतं, ते आबांनी पारावर बसून एकट्यानं उरकलं होतं. शेजारच्या काकूंनी आबांच्या देखतच विचारलं, "पाचवी लय अवघड असती का गं?"

आबा बैलाच्या वेसणीत काहीतरी शोधू लागले.

"व्हय काकू," मी म्हटलं, "लय अवघड हाय पाचवी."