बिनखिळ्याच्या भिंती

संघमित्रा मेश्रामला लहानपणापासून एक स्वप्न पडायचं. हातात बाबासाहेबांची तसबीर घेऊन ती एका घरात शिरते. एका खोलीतून दुसरी खोली निघते, दुसरीतून तिसरी. सगळ्या भिंती पांढऱ्याशुभ्र, उन्हात न्हालेल्या, आणि तसबीर लावायची कुठे हे काही केल्या सुचत नाही. भीती मुळीच वाटायची नाही. उलट जाग आली की वाटायचं, अजून दोन-चार खोल्या बघायच्या राहूनच गेल्या.

या स्वप्नाचं मूळ शोधायला फार लांब जायला नको. ती वाढली भिलाईच्या सेक्टरमधल्या क्वार्टरमध्ये, आणि त्या क्वार्टरच्या भिंतीत एकसुद्धा खिळा नव्हता. तिचे बाबा, देवीदास, पोलादाच्या प्लांटमध्ये, रूळ बनवणाऱ्या रेल मिलला होते. भिंतीला हातोडी लावणं त्यांना चोरीसारखं वाटायचं. बुद्ध आणि बाबासाहेब लोखंडी पेटीवर भिंतीला टेकून उभे असत. कॅलेंडर खिडकीच्या गजाला. आरसाही खिडकीतच, त्यामुळे आई, रुक्माबाई, रोज सकाळी उन्हाकडे तोंड करून, डोळे किलकिले करत भांग पाडायची, आणि तो वाकडा पडला की नवऱ्याच्या नावानं खडे फोडायची. चौदा एप्रिलला हार घातला की तसबीर घसरे. म्हणून वंदना संपेपर्यंत ती धरून बसायचं काम संघमित्राकडे. त्या कोवळ्या उन्हात, धुपाच्या वासात, मांडीवर काच टेकवून ती पांढऱ्या भिंतीकडे बघत राहायची आणि तिथे नसलेली दारं उघडायची.

"भिंत आपली नाही, पोरी," बाबा म्हणत. "उद्या सोडून जाचं हाय. आपल्याकडं कोनी बोट दाखवलं नाही पाहिजे."

शेजारच्या केवलरामच्या भिंती खिळ्यांनी गच्च भरलेल्या होत्या आणि त्याला कोणी चकार शब्दानं बोलत नव्हतं. पण केवलरामचा बाप दुसऱ्याच्या बांधावरच्या झोपडीत राहिला नव्हता. देवीदासचा राहिला होता. मालकाच्या मनात आलं की ऊठ म्हणायचा, आणि ते उठायचे. म्हणून देवीदास भिलाईच्या जागेला जन्मभर 'क्वार्टर' म्हणाले. 'घर' हा शब्द त्यांनी भंडाऱ्याकडच्या गावासाठी राखून ठेवला होता.

अशा बापाच्या पोरीनं गृहनिर्माण या विषयात पदव्युत्तर शिक्षण घ्यायचं ठरवलं, तेव्हा देवीदास बुचकळ्यात पडले.

"घर बांधाचं शिकून राहिली म्हणजे ठेकेदार होते का तू?"

"बांधायचं नाही, बाबा. बांधून झाल्यावर लोक त्यात कसे राहतात, ते शिकून राहिली मी."

"ते का शिका लागते?"

प्रश्न अगदी वाजवी होता. रायपूरला कॉलेजात जाता-येता बसच्या खिडकीत डोकं टेकवून संघमित्राही त्यावर विचार करायची. वाटेतल्या कुम्हारीच्या आसपास तिची तंद्री लागे. रस्त्याकडेच्या घरांच्या भिंती एकेक करून हवेत विरून जात आणि आतली माणसं दिसू लागत. कोणी भात उपसतंय, कोणी पोराची वेणी घालतंय. ती मनातल्या मनात त्यांना जास्तीचं दार देई, वाऱ्याला वाट देई. कंडक्टरनं हाक मारली की सगळ्या भिंती मुकाट्यानं जागेवर येऊन उभ्या राहत.

पहिल्याच वर्षी तिनं एका कुटुंबाच्या घराचं चित्र काढलं. पाहण्यासारखं होतं. कौस्तुभ सरांनी ते बराच वेळ न्याहाळलं आणि विचारलं, "या लोकांच्या तसबिरी, घड्याळ, आरसा, सगळं जमिनीवर का आहे? घर सोडून चाललेत का?"

वर्गात हशा पिकला. संघमित्राही हसली, पण चेहऱ्यावरचा रंग उतरला होता. तोवर तिला वाटत होतं, चांगली माणसं अशीच राहतात.

ती दुसऱ्या वर्षाला असताना देवीदास रिटायर झाले. क्वार्टर ताब्यात घ्यायला आलेला माणूस भिंतींवरून हात फिरवत म्हणाला, "वाह, मेश्रामजी! जैसे कोई रहा ही नहीं." हे वाक्य देवीदासनं मेडलसारखं मिरवलं. रुक्माबाईनं मात्र पदर डोळ्यांना लावला. सारी उमर इथे गेली आणि कोणी राहिलंच नाही म्हणे!

मग ते भिलाईतच हुडको वसाहतीत आले. स्वतःचं, देवीदासच्या नावाचं घर. तरी बुद्ध आणि बाबासाहेब पेटीवरच उभे राहिले, आरसा खिडकीतच गेला, अर्ध्या गाठोड्यांच्या गाठी सुटल्याच नाहीत. संध्याकाळी देवीदास फिरायला निघत आणि पाय त्यांना जुन्या सेक्टरकडे घेऊन जात. एक दिवस ते म्हणाले, "इथं माहं मन लागून नाही राहिलं. संघमित्राची ट्रेनिंग संपली का घरी चाललो आपन. गावाले. हे विकून टाकू."

रुक्माबाईचा घास हातातच राहिला. तिचा विहार, तिच्या मैत्रिणी, तिचं सगळं आयुष्य भिलाईत होतं. रात्रंदिवस लोकांच्या घरांचा विचार करणाऱ्या संघमित्राला आपल्या बापाला घरात बसवता येत नव्हतं, आणि ट्रेनिंग तर संपत आलं होतं.

अभ्यासक्रमाच्या शेवटच्या ट्रेनिंगमध्ये तिला कुम्हारीची एक नवी वसाहत दिली होती. नाल्याकाठची कुटुंबं तिथल्या पक्क्या घरांत आणली होती. किल्ल्या द्यायच्या, पाण्याची मोटर दाखवायची, समिती बसवायची आणि लोक रुळेपर्यंत येत राहायचं, असं तिचं काम. लोक काही रुळेनात. भांडी पोत्यांतच. चंदा नावाची बाई तर चूलसुद्धा गॅलरीत मांडून, पाहुण्यासारखी उंबऱ्यापाशी बसलेली असे.

"नवरा कहत हे, वापस जाबो," चंदा एका दुपारी छत्तीसगढीत म्हणाली.

"का? काय कमी आहे इथं?" संघमित्रानं हिंदीत विचारलं.

चंदानं कोपऱ्यात जमिनीवर टेकवलेल्या सासूच्या फोटोकडे बोट दाखवलं. "तैंच तो केहे रहे मैडम, भिंती म खीला झन ठोकहू. त ये घर काकर ए?"

भिंतीत खिळा ठोकू नका असं तुम्हीच सांगितलंत, मग हे घर कोणाचं? किल्ल्या देताना नियम वाचून दाखवले होते संघमित्रानंच. पण खिळ्याचा नियम त्यात नव्हताच. पाण्याचा झाला, कचऱ्याचा झाला, आणि त्याच ओघात बाबांचं वाक्य तिच्या तोंडून बाहेर पडलं होतं. घरोघरी, प्रत्येक किल्लीबरोबर तिनं ते वाटलं होतं, आणि तिला पत्ताही नव्हता.

ती तशीच बाजारात गेली. हातोडी आणि पुडीभर खिळे घेऊन परत आली आणि एकेका दारात उभी राहून म्हणाली, "मी चुकीचं सांगितलं होतं. भिंत तुमची आहे." हातोडी आधी चंदानं घेतली. सासूचा फोटो चढला, आणि चंदा पहिल्यांदा आत, खोलीच्या मधोमध, पाय पसरून बसली. हळूहळू मजल्यामजल्यावरून ठोकल्याचे आवाज येऊ लागले. जिन्यात बसून ते ऐकताना संघमित्राला वाटलं, आपल्या स्वप्नातल्या खोल्यांमध्ये कोणीतरी राहायला आलंय.

संध्याकाळी हुडकोत येऊन तिनं सगळं बाबांना सांगितलं. आपण कुणाचं वाक्य बोललो तेही सांगितलं.

"माह्या बोलन्यानं ते लोक घर सोडून चालले होते?"

"हो, बाबा."

तिनं हातोडी आणि उरलेले खिळे पेटीवर ठेवले आणि ती चहा टाकायला गेली. आधण आलं नाही तोच बाहेर ठक्क झालं. धावत येऊन बघते तर खिळा वाकडा, भिंतीचा पोपडा खाली, आणि जन्मभर लोखंड हाताळलेले देवीदास घाबरून दाराकडे बघतायत.

"कोनी नाही येत, अजी," रुक्माबाई म्हणाली. "ठोका अजून. जरा वर घ्या."

दुसरा खिळा सरळ गेला. बाबासाहेब भिंतीवर चढले. घसरले नाहीत, कोणाला धरून बसावं लागलं नाही. देवीदासनं पडलेला पोपडा उचलून हातावर घेतला.

"उद्या सिमेंट आनतो. एवढं लिंपून घेतो," ते म्हणाले.

"आन् गावाले?" रुक्माबाईनं जपून विचारलं.

"जाऊ ना. भावाले भेटू, दोन दिवस राहू." त्यांनी खिडकीतला आरसा काढून तिच्या हातात दिला आणि तिसरा खिळा उचलला. "मंग येऊ घरी. हे कुठं लावू, सांग."